सर आल्बर्ट हॉवर्ड : शेतकऱ्यांचा शिष्य

रणांगणावर शौर्य गाजविणाऱ्या वीरांचीं, राज्यें स्थापन करणाऱ्या राजांचीं आणि अज्ञात भूमि शोधून काढणाऱ्या दर्यावर्दी लोकांचीं चरित्रें आपण शाळेंत वाचतों. खताचा ढीग नीट कसा रचावा, ह्या विचारांत उमेदीचीं वर्षें घालविणाऱ्या मनुष्याचें चरित्र मात्र क्वचितच आपल्या हातीं पडतें. तथापि ताटांतील भाकरी आणि भाजी जिच्यांतून उत्पन्न होते त्या मातीची ज्यानें जन्मभर सेवा केली, आणि शेतांतील माती व शाळेंतील मुलांचें जेवण ह्यांचा निकट संबंध आहे असें जगापुढें मांडलें, अशा पुरुषाची ओळख शाळेच्या वार्षिकांत करून देणें अप्रस्तुत होणार नाहीं. सर आल्बर्ट हॉवर्ड हे जन्मानें इंग्रज. परंतु त्यांच्या विद्येचा खरा पाया आपल्याच देशांत, बिहारच्या शेतांत व होळकरांच्या इंदुरांत घातला गेला. त्यांचें चरित्र आपल्या दृष्टीनें विशेष मननीय आहे तें ह्याचमुळें.

हॉवर्डसाहेबांचा जन्म ता. ८ डिसेंबर १८७३ रोजीं इंग्लंडच्या पश्चिम सरहद्दीनजीकच्या श्रॉपशायर परगण्यांत, बिशप्स कासल येथें झाला. वडील शेतकरी होते. त्यामुळें नांगर, गुरें, गोठा व खताचा ढीग ह्यांचा परिचय त्यांस पुस्तकांच्या आधीं झाला. पुढें लंडन येथील रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्यें व नंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत त्यांनीं सृष्टिशास्त्रांचा अभ्यास केला आणि परीक्षेंत पहिला वर्ग मिळविला. शेतकऱ्याच्या घरीं जन्म आणि विद्यापीठांत शिक्षण, असा दुहेरी लाभ त्यांस घडला. ह्या दोहोंपैकीं एकाचाहि त्यांनीं पुढें कधीं विसर पडूं दिला नाहीं.

१८९९ सालीं ते वेस्ट इंडीज बेटांत गेले. ऊंस, कोको इत्यादि पिकांवर पडणाऱ्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करणें हें तेथें त्यांचें काम होतें. काम बरें चाललें होतें, पण मनाला एक गोष्ट सलत होती. रोगट पान सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहावें, त्यावरील बुरशीचें नांव सांगावें, औषध सुचवावें; परंतु तें औषध स्वतः करून पाहावयास हातीं बिघाभर जमीन नव्हती. ज्यानें स्वतः पीक काढलें नाहीं त्यानें पीक काढणाऱ्यास उपदेश करावा, हा प्रकार त्यांस लाजिरवाणा वाटूं लागला. इंग्लंडांत परतल्यावर १९०३ ते १९०५ पर्यंत ते वाय येथील शेतकी कॉलेजांत होते. तेथें हॉप नांवाच्या वेलीवर त्यांनीं प्रयोग केले. शेतांतून नर वेली उपटून टाकण्याची तेथें चाल होती. त्या राहूं दिल्या असतां मादी वेली अधिक जोमदार वाढतात व रोगास कमी बळी पडतात, असें त्यांस आढळून आलें. सृष्टीच्या नियमाविरुद्ध न जातां त्याच्या कलानें वागल्यास लाभ होतो, हा पहिला धडा त्यांस येथें मिळाला.

१९०५ सालीं हिंदुस्थान सरकारनें त्यांची नेमणूक बिहारांतील पुसा येथें नव्यानेंच निघालेल्या शेतकी संशोधन संस्थेंत केली. येथें त्यांस सुमारें ७५ एकर जमीन प्रयोगांसाठीं मिळाली. नवीन आलेला गोरा अधिकारी, पाठीशीं सरकारची सत्ता व विद्यापीठाची पदवी. अशा मनुष्यानें आसपासच्या खेडुतांस शिकवावयास निघावें हेंच स्वाभाविक होतें. हॉवर्डसाहेबांनीं उलट मार्ग धरला. पुसाच्या आसपासच्या शेतांत कसलींहि विषारी औषधें फवारलीं जात नसत व रासायनिक खतेंहि घातलीं जात नसत. तरीसुद्धां तेथील पिकें किडीपासून बहुतांशीं मुक्त होतीं. हें पाहून त्यांनीं ठरविलें कीं, पुढील कांहीं वर्षें ह्या शेतकऱ्यांनाच आपले गुरु करावयाचें. धान्याच्या ओळींत तूर कां पेरतात, गव्हांत हरभरा कां मिसळतात, उन्हाळ्यांत जमीन तापत कां ठेवतात, ह्या गोष्टी ते निरक्षर खेडुतांपासून विद्यार्थ्याच्या नम्रतेनें शिकले. दुसरे गुरु त्यांनीं मानले ते पिकांवरील कीटक व बुरशी. कीड म्हणजे केवळ शत्रु, तिचा नाश करावा व मोकळें व्हावें, असें इतर शास्त्रज्ञ समजत. हॉवर्डसाहेबांच्या मतें कीड ही सूचना देणारा तराळ होय. जेथें जमिनीची मशागत किंवा बियाण्याची निवड चुकली आहे तेथें ती दवंडी पिटते. तराळास मारून दवंडी खोटी ठरत नाहीं. पांच वर्षांच्या अभ्यासानंतर, म्हणजे १९१० च्या सुमारास, रासायनिक खत व फवारणी ह्यांवांचून निरोगी पीक कसें काढावें हें आपणांस समजलें, असा विश्वास त्यांस वाटूं लागला.

पिकांवरून त्यांचें लक्ष गुरांकडे वळलें. आपल्या शेतावरील बैलांस आपल्याच शेतांतील हिरवी वैरण व धान्य ते घालीत, गोठा स्वच्छ ठेवीत, व रोगाच्या सांथींत वेगळी अशी कांहींच खबरदारी घेत नसत. त्यांच्या आवारास लागूनच दुसरा एक मोठा गोठा होता व मध्यें केवळ एक बुटकें कुंपण होतें. त्या गोठ्यांत लाळखुरकताची सांथ वारंवार येई. कुंपणावरून आपले बैल रोगी गुरांच्या नाकास नाक घांसतांना त्यांनीं अनेकदां पाहिले; पण त्या बैलांस रोग झाला नाहीं. ह्यावरून त्यांनीं असें अनुमान केलें कीं, सुपीक मातींत वाढलेलें अन्न ज्या प्राण्यास मिळतें त्याच्या अंगीं रोगास तोंड देण्याची शक्ति येते. आजचा पशुवैद्य केवळ एवढ्या आधारावर गुरांस लस टोंचावयाचें सोडणार नाहीं, व सोडूंहि नये. परंतु माती, वनस्पति, जनावर आणि मनुष्य हीं एकाच सांखळीचीं कडीं आहेत, ही जी कल्पना हॉवर्डसाहेबांच्या पुढील सर्व कार्याचें बीज ठरली, ती येथें त्यांच्या मनांत रुजली.

ह्या सर्व कामांत त्यांस त्यांच्या पत्नी गॅब्रिएल ह्यांची बरोबरीची साथ होती. ह्या बाईहि केंब्रिज येथें शिकलेल्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. उभयतांनीं मिळून गव्हाच्या नवीन जाति तयार केल्या. त्यांपैकीं पुसा ४ व पुसा १२ ह्या विशेष नांवारूपास येऊन उत्तर हिंदुस्थानांत फार मोठ्या क्षेत्रावर पेरल्या जाऊं लागल्या. एवढें यश मिळाल्यावर दुसरा एखादा स्वस्थ बसला असता. परंतु हॉवर्ड दांपत्यास असें दिसूं लागलें कीं, बियाणें कितीहि सुधारलें तरी जमीन निकस असेल तर तें आपला गुण दाखवूं शकत नाहीं. आणि जमीन तर दिवसेंदिवस निकस होत होती. शेण चुलींत जात होतें, पालापाचोळा वाऱ्यावर जात होता, आणि भूमीकडून घेतलेलें भूमीस परत मिळत नव्हतें.

पुसा येथें रसायन, कीटक, बुरशी, वनस्पति अशा निरनिराळ्या शाखा होत्या व प्रत्येकीची हद्द ठरलेली होती. एकाच रोपट्याचें मूळ एकानें, पान दुसऱ्यानें व त्यावरील कीड तिसऱ्यानें पाहावी, ही विभागणी हॉवर्डसाहेबांस मानवली नाहीं. आपल्या मताप्रमाणें संपूर्ण शेती एका दृष्टीखालीं अभ्यासितां यावी म्हणून त्यांनीं स्वतंत्र संस्थेची खटपट केली. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीनें व मध्य हिंदुस्थानांतील संस्थानांनीं द्रव्यसाह्य दिलें, इंदूरच्या होळकर दरबारानें सुमारें ३०० एकर जमीन दिली, आणि १९२४ सालीं इंदूर येथें वनस्पति-उद्योग संस्था सुरू झाली. त्या संस्थेचे संचालक म्हणून हॉवर्डसाहेबांनीं १९३१ पर्यंत काम पाहिलें.

इंदूर येथें त्यांनीं जी खताची पद्धति बसविली ती आज जगभर इंदूर पद्धति ह्याच नांवानें ओळखली जाते. तींत गूढ असें कांहीं नाहीं. चीन देशांतील शेतकरी शेंकडों वर्षें गांवांतील सर्व केरकचरा कुजवून शेतांत परत घालीत आले आहेत, हें वृत्त त्यांनीं किंग नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या ग्रंथांत वाचलें होतें. त्या जुन्या अनुभवास त्यांनीं शास्त्राचें माप लावलें. सुमारें ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल असा उतरत्या बाजूंचा खड्डा खणावयाचा. त्यांत पालापाचोळा, तण, धसकटें, उसाचें पाचट असा काडीकचरा पसरावयाचा. त्यावर गोठ्यांतील शेण व मुतानें भिजलेली माती. त्यावर थोडी लांकडाची राख. मग पाणी शिंपडून पुन्हां तोच क्रम. काडीकचऱ्याचें प्रमाण मापानें सुमारें तीन भाग व शेणाचें एक भाग. ढीग फार ओला झाला तर त्यास दुर्गंधि येते, फार कोरडा राहिला तर तो कुजत नाहीं, आणि आंत वारा खेळला नाहीं तर क्रिया थांबते. म्हणून तो तीन वेळां उलटावा लागतो. योग्य रीतीनें रचलेला ढीग आंतून इतका तापतो कीं, तणाचें बीं व रोगांचे जंतु त्यांत बहुतेक मरून जातात. सुमारें तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, मातीच्या सुवासाचें खत तयार होतें. कापसाच्या पऱ्हाट्या कठीण, त्या लवकर कुजत नाहींत. त्यावर त्यांनीं युक्ति काढली ती अशी कीं, त्या गाडीरस्त्यावर पसरावयाच्या. बैलगाड्यांच्या चाकांखालीं त्या आपोआप चिरडल्या जातात. सर्व उपाय असे कीं, गरीब शेतकऱ्यास एक पैचेंहि यंत्र विकत घ्यावें लागूं नये.

ह्या कामाचा वृत्तांत १९३१ सालीं इंग्रजी पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. त्या पुस्तकावर हॉवर्डसाहेबांच्या नांवाबरोबर त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांचेंहि नांव आहे. रसायनशास्त्राची बाजू वाड ह्यांनीं सांभाळली होती. वरिष्ठ अधिकारी इंग्रज व कनिष्ठ हिंदी असला म्हणजे श्रेय एकास व श्रम दुसऱ्यास असा अनुभव त्या काळीं दुर्मिळ नव्हता. म्हणून ह्या औदार्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. पुढें १९३५ सालीं महात्मा गांधी इंदुरास आले असतां त्यांनीं ही संस्था पाहिली व आपल्या हरिजन पत्रांतून इंदूर पद्धतीची माहिती लोकांस करून दिली.

परंतु पुस्तक छापून येण्यापूर्वींच, १९३० सालीं, गॅब्रिएलबाई परलोकवासी झाल्या. पंचवीस वर्षांच्या सहकारिणीच्या वियोगाचें दुःख उरांत घेऊन हॉवर्डसाहेब १९३१ सालीं हिंदुस्थानांतून निवृत्त झाले व स्वदेशीं परतले. पुढें गॅब्रिएलबाईंची धाकटी बहीण लुईझ हिच्याशीं त्यांचा विवाह झाला व तिनेंहि त्यांच्या कार्यास वाहून घेतलें. १९३४ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. आतां विश्रांति घ्यावी असें वय झालें होतें. पण त्यांच्या चरित्राचा आपल्या शाळेच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा भाग येथूनच सुरू होतो.

इंग्लंडांत शाळेंतील मुलांच्या जेवणाचा प्रश्न त्या वेळीं नवा नव्हता. दक्षिण आफ्रिकेंतील बोअर युद्धाच्या वेळीं सैन्यांत भरती होण्यास आलेल्या तरुणांपैकीं पुष्कळजण शरीरानें अपात्र ठरले व राष्ट्राचे डोळे उघडले. उपाशी मुलास शिकविणें व्यर्थ आहे, असा आक्रोश मार्गारेट मॅकमिलनसारख्या परोपकारी बाईंनीं चालविलाच होता. अखेर १९०६ सालीं पार्लमेंटनें कायदा करून, गरजू विद्यार्थ्यांस जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांस दिली. १९३४ पासून शाळांत अर्ध्या पेनीस पाइंटाचा तिसरा हिस्सा दूध मिळूं लागलें. मुलाच्या पोटांत कांहींतरी पडलें पाहिजे, एवढें समाजानें मान्य केलें होतें. हॉवर्डसाहेबांनीं पुढचा प्रश्न विचारला. तें अन्न कोणत्या मातींत वाढलें, तें किती दिवसांचें शिळें आहे, आणि तें पोट भरतें तसें शरीर घडवितें काय? मुलांचे किडलेले दांत, मुडदूस, पंडुरोग व वारंवार येणारीं पडशीं पाहून, पोट भरणें व पोषण होणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, अशी त्यांची खात्री झाली.

ह्या मतास त्यांस एका थोर वैद्याचा आधार मिळाला. निलगिरीवरील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅककॅरिसन हे आहारशास्त्राचे प्रयोग करीत असत. हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचा आहार त्यांनीं उंदरांस घालून पाहिला. ताजी भाजी, दूध व न सडलेलें धान्य ज्या आहारांत होतें त्यावर उंदीर निरोगी राहिले. निःसत्त्व आहारावर ते रोगी झाले. शेणखतावर वाढविलेलें धान्य रासायनिक खतावरील धान्यापेक्षां अधिक पौष्टिक ठरतें, असेंहि त्यांच्या १९२६ सालच्या प्रयोगांत दिसून आलें. १९३९ च्या मार्च महिन्यांत इंग्लंडांतील चेशायर परगण्याच्या कुटुंबवैद्यांनीं क्रू ह्या गांवीं सभा भरवून जाहीर केलें कीं, आपणांकडे येणाऱ्या रोगांचें मूळ बहुधा सदोष आहारांत आहे. त्या सभेंत मॅककॅरिसन व हॉवर्ड दोघांचींहि भाषणें झालीं. वैद्य व शेतकी शास्त्रज्ञ अशा रीतीनें एका व्यासपीठावर येणें ही त्या काळीं नवलाचीच गोष्ट होती.

१९४० सालीं हॉवर्डसाहेबांनीं ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट हा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यांत लंडनजवळील एका मोठ्या शाळेची हकीकत आहे. त्या शाळेच्या स्वतःच्या जमिनींत पूर्वीं रासायनिक खतांवर भाजीपाला काढीत असत. पुढें त्याच जमिनींत इंदूर पद्धतीचें खत घालून भाजीपाला काढूं लागले व तोच मुलांच्या जेवणांत येऊं लागला. पूर्वीं सर्दी, गोवर किंवा स्कार्लेट ज्वर शाळेंत शिरला कीं तो सर्वत्र पसरत असे. नंतर बाहेरून आलेल्या एखाद्या रोग्यापुरताच तो राहूं लागला, असें तेथें आढळलें. तशीच हकीकत दूर न्यूझीलंडमधून आली. ऑकलंड येथील माउंट आल्बर्ट ग्रामर स्कूल ह्या सार्वजनिक शाळेच्या वसतिगृहांत सुमारें ६० मुलें राहत. डॉ. चॅपमन ह्यांच्या सल्ल्यानें १९३६ पासून कुजलेल्या खतावर वाढविलेला ताजा भाजीपाला व फळें त्यांस मिळूं लागलीं. वर्षभरांत मुलांचीं नाकें वाहणें कमी झालें, सर्दी व इन्फ्लुएंझा क्वचित् येऊं लागला. १९३८ सालीं सर्व देशांत गोवराची सांथ आली, तेव्हां नवीन आलेल्या मुलांस ती जोरानें बाधली, व वर्षाहून अधिक काळ वसतिगृहांत राहिलेलीं मुलें सौम्य दुखण्यांतून लवकर बरीं झालीं.

हीं उदाहरणें वाचून आनंद होतो. परंतु विद्यार्थ्यानें तीं शास्त्राच्या तराजूंतहि घातलीं पाहिजेत. एका शाळेंतील मुलांस ताजी भाजी मिळाली व तीं सुधारलीं. पण हा गुण खताचा, कीं भाजी ताजी असण्याचा, कीं भाजी पूर्वींपेक्षां जास्त मिळण्याचा? तुलनेसाठीं दुसरी तशीच शाळा बाजूस ठेवून मोजमाप घेतल्याखेरीज हें सांगतां येत नाहीं. हॉवर्डसाहेबांवर त्यांच्या हयातींतच हा आक्षेप घेण्यांत आला. सुपीक मातींतील अन्न ताजें खाल्लें तर मानवजातीचे निम्मे रोग नाहींसे होतील असें ते म्हणत, हें विधान कोणीहि सिद्ध केलेलें नाहीं. त्यांच्या मागून जीं पुष्कळ संशोधनें झालीं त्यांत सेंद्रिय व रासायनिक खतावरील अन्नाच्या पोषणद्रव्यांत निश्चित असा मोठा फरक दिसून आलेला नाहीं. कीटकनाशक विषांचा अंश मात्र सेंद्रिय अन्नांत पुष्कळ कमी आढळतो, व भाजी शिळी झाली, फार शिजली, म्हणजे तिच्यांतील जीवनसत्त्वें घटतात, हें निर्विवाद आहे. रासायनिक खतांमुळें धान्याचें उत्पन्न वाढून कोट्यवधि लोकांची भूक भागली, हेंहि नाकारतां येत नाहीं.

स्वतः हॉवर्डसाहेबांस ही उणीव अगदींच दिसत नव्हती असें नाहीं. म्हणूनच त्यांनीं सुचविलें होतें कीं, वसतिगृहें असलेल्या शाळा, रुग्णालयें व अशाच इतर निवासी संस्था ह्यांनीं आपली जमीन आपल्या ताब्यांत घ्यावी, कुजलेल्या खतावर भाजी, फळें व दूध उत्पन्न करावें, तेंच आपल्या लोकांस घालावें, आणि परिणामांची नोंद ठेवावी. इंग्लंडांतील फार थोड्या संस्थांनीं ही सूचना मनावर घेतली. युद्ध पेटलें होतें. जहाजें बुडत होतीं. शाळांचीं क्रीडांगणेंसुद्धां बटाटे व कोबी लावण्यासाठीं नांगरलीं गेलीं. त्याच युद्धाच्या अखेरीस, १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्यानें विद्यार्थ्यांस जेवण पुरविणें हें स्थानिक शिक्षण-अधिकाऱ्यांचें कर्तव्य ठरलें. जेवण मुलांच्या हक्काचें झालें. मातीचा प्रश्न मागें राहिला.

हॉवर्डसाहेब अखेरपर्यंत लिहीत राहिले. अमेरिकेंत रोडेल नांवाच्या गृहस्थांनीं त्यांच्या विचारांनीं भारून जाऊन १९४२ सालीं सेंद्रिय शेतीस वाहिलेलें मासिक काढलें व तेथून ही चळवळ दूरवर पसरली. ता. २० ऑक्टोबर १९४७ रोजीं लंडनच्या ब्लॅकहीथ भागांत, वयाच्या ७४ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते निवर्तले. ज्या देशानें त्यांस शेती शिकविली तो हिंदुस्थान त्याच्या दोनच महिने आधीं स्वतंत्र झाला होता. इंदूर येथें त्यांच्या संस्थेच्या जागीं आज शेतकी महाविद्यालय आहे.

त्यांनीं टाकलेला प्रश्न आतां आपल्या देशाच्या अंगणांत आला आहे. १५ ऑगस्ट १९९५ पासून भारत सरकारनें प्राथमिक शाळांतील मुलांसाठीं पोषण आहाराची योजना सुरू केली. २००१ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्नच द्यावें असा हुकूम केला. २०१९ सालीं शाळाशाळांतून पोषणबागा कराव्या अशीं मार्गदर्शक सूत्रें सरकारनें काढलीं. महाराष्ट्रांतील अनेक खेड्यांतल्या शाळांनीं भिंतीलगतच्या हातभर जमिनींत पालक, मेथी, वांगीं, शेवगा लावून परसबागा केल्या आहेत. तांदूळ व डाळ कोठारांतून येते, ती वर्षाचीहि असूं शकेल. पण कढींतली कोथिंबीर व खिचडींतली भाजी सकाळीं खुडून दुपारीं ताटांत येऊं शकते. भांडीं धुण्याचें पाणी वाफ्यांस, भाजीचीं देठें व सालें खड्ड्यांत, खड्ड्यांतील खत पुन्हां वाफ्यांत. इतक्या लहान जागेंत हॉवर्डसाहेबांची ती सबंध सांखळी विद्यार्थ्यास डोळ्यांनीं पाहतां येते.

ह्यांत धोक्याची एक जागा आहे. पाहुणे येणार म्हणून रोपें लावलीं, फलक रंगविला, आणि सुट्टींत पाण्यावांचून सर्व करपून गेलें, अशा बागेनें कोणाचेंहि पोषण होत नाहीं. मातीचें काम रोजचें असतें. तें समारंभानें भागत नाहीं. घरची भाकरी पुरेशी न मिळणारें मूल ज्या वर्गांत बसतें, तेथें दुपारचें जेवण हेंच त्याचें दिवसांतील मुख्य जेवण असतें. त्याच्या ताटांत हिरवें पान पडतें कीं नाहीं, हा प्रश्न शाळेच्या शोभेचा नसून त्या मुलाच्या दांतांचा, हाडांचा व रक्ताचा आहे.

विद्यार्थी मित्रहो, सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांचीं सर्व मतें आपण जशींच्या तशीं स्वीकारावीं असें नाहीं. त्यांनीं स्वतःच आयुष्यभर मोठमोठ्यांचीं मतें तपासून पाहिलीं. आपण त्यांच्यापासून घ्यावयाचे ते दोन गुण. पहिला नम्रतेचा, पदवी मिळाल्यावरहि निरक्षर शेतकऱ्याच्या बांधावर बसून शिकण्याची त्यांस लाज वाटली नाहीं. दुसरा कृतज्ञतेचा, ज्या भूमीनें दिलें तिला परत दिल्यावांचून घेऊं नये, असें व्रत त्यांनीं पाळलें. परमेश्वरानें मनुष्यास भूमीची राखण सोंपविली आहे असें आपल्या शाळेंत आपणांस शिकविलें जातें. त्या राखणीचा आरंभ करावयास दूर जावयास नको. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागें रोज टोपलीभर सालें व देठें पडतात. तीं उकिरड्यांत सडतात कीं शेजारच्या वाफ्यांत जाऊन पुन्हां आपल्याच धाकट्या भावंडांच्या ताटांत येतात, हें ठरविणें आपल्या हातीं आहे.